खाट क्रमांक चारची रुग्ण

खाट क्रमांक चारच्या पायथ्याशी टांगलेला तापाचा तक्ता जमिनीपर्यंत पोचून शिवाय दोन बोटं मुडपला होता. नेहमीचा छापील तक्ता पस्तीस अंशांवर संपतो. त्याच्या खाली कुणीतरी आलेखाचे कागद एकाला एक चिकटवत नेले होते, आणि कौतुकाची गोष्ट म्हणजे कुठेही प्रमाण बिघडू दिलं नव्हतं. वरपासून खालपर्यंत एका अंशाला अर्धा सेंटिमीटर. पस्तीसपासून उणे एकशे अठ्ठावन्नपर्यंत उतरायला असे साडेशहाण्णव सेंटिमीटर लागतात, आणि ते बरोबर तेवढेच होते. अगदी तळाशी, फरशीला टेकलेल्या कागदावर, लाल शाईचे ठिपके एका ओळीत बसले होते. त्यातला एकच ठिपका अर्ध्या अंशाने वर चढला होता, आणि त्याच्याशेजारी नर्सने बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘किंचित ताप. डॉक्टरांना कळवले.’

ताईने वाकून तो तक्ता नीट वाचला. वाकलं की तिला धाप लागायची, म्हणून तिने दोन हप्त्यांत वाचला. तिला घरातच नव्हे, कामाच्या ठिकाणीही सगळे ताईच म्हणत. काम म्हणजे मापनशाळेतलं. गावभरच्या कारखान्यांतून, दवाखान्यांतून आणि शीतगृहांतून आलेली तापमापकं खरं बोलतात की खोटं, हे तपासून ती त्यांना दाखला द्यायची. या तक्त्यावरचे आकडे ज्या काट्याने दाखवले होते, त्याच्या दाखल्यावरही तिचीच सही होती. त्यामुळे आकड्यांबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

खाट रिकामी होती. चादर ताणून घातलेली, उशी फुगीर, पायाशी घडी केलेलं पांघरूण. खाटेशेजारच्या स्टुलावर आई बसली होती.

“आज जरा कणकण होती म्हणे तिला,” आई म्हणाली.

“अर्धा अंश, आई. खाली टाकीचं झाकण उघडलं असेल कुणीतरी.”

“उघडतात आणि तसंच ठेवून गप्पा मारत बसतात! एवढीशी आहे ती. बाहेरची हवा लागते की नाही?”

पलीकडे तीन नंबरच्या खाटेवर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक बाई होत्या. त्यांनी पाय न हलवता मान वळवली. “तुमची धाकटी फार गुणी हो,” त्या म्हणाल्या. “नाहीतर त्या पाच नंबरवाल्या. घोरतात काय, कण्हतात काय!”

आईने समाधानाने मान डोलावली.

हे सगळं कुणाचं डोकं फिरल्यामुळे झालं नव्हतं. टप्प्याटप्प्याने, शिस्तीत आणि सह्याशिक्क्यांसकट झालं होतं.

तीन वर्षांपूर्वी ताईची बोटं थंडीत पांढरी पडू लागली. मग हातांची कातडी आवळत गेली, मग तोंडाभोवतीची, आणि मग ते आवळणं आत फुफ्फुसांत उतरलं. शरीराच्या पहारेकऱ्यांनी घरच्यांनाच चोर समजून बडवायला घेतलं होतं. एकामागून एक औषधं झाली. पहारेकरी बधेनात. शेवटी डॉक्टरांनी, म्हणजे केस बारीक कापलेल्या एका तुटक बोलणाऱ्या बाईंनी, तिला प्रयोगाबद्दल सांगितलं. रक्तातून ठराविक जातीच्या पेशी काढायच्या. प्रयोगशाळेत त्यांना नवीन धडा द्यायचा, की बायांनो, चिथावणी देणारी टोळी ही अशी दिसते, दिसली की उचला. त्या वाढवायच्या, गोठवायच्या. मग रुग्णाला तीन दिवस जालीम औषध देऊन जुनी पलटण झोपवायची आणि या शिकवून तयार केलेल्या पेशी शिरेतून आत सोडायच्या. सोडायला दहा मिनिटं लागतात. पुढचे पंधरा दिवस कसे जातील हे मात्र सांगता येत नाही. ताप येतो, भ्रम होतो, रोज एक वाक्य लिहायला लावून डोकं ठिकाणावर आहे का ते बघतात. आधी अकरा जणांनी हे केलं होतं. नऊ बरे झाले होते, एक होता तसाच राहिला आणि एक गेला.

“अकरा,” ताई तेव्हा म्हणाली होती. “मी तीस मोजण्यांशिवाय साध्या थर्मामीटरला दाखला देत नाही.”

“पेशी तर काढून ठेवू,” डॉक्टर म्हणाल्या होत्या. “ठरवा सावकाश.”

पेशी निघाल्या, शिकल्या, वाढल्या, पिशवीत भरल्या गेल्या. अडुसष्ट मिलिलिटर. आता तळघरातल्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवायच्या तर पिशवीला चिठ्ठी हवी. चिठ्ठी छापणारं यंत्र नोंद झालेल्या माणसाशिवाय चिठ्ठी छापत नसे. माणसाची नोंद करायची तर ‘रुग्णाशी नाते’ हा रकाना भरायलाच हवा. ती यंत्रणा होती कर्करोग विभागाची, जिथे रक्त एकाचं आणि घेणारा दुसरा असतो. म्हणून यादीत आई, वडील, भाऊ, बहीण सगळे होते. ‘स्वतः’ तेवढं नव्हतं.

नोंदणी कारकून हा सव्वीस वर्षांत एकही रकाना कोरा न सोडलेला माणूस. त्याने तपासणीचा कागद पाहिला. पिशवीतलं आणि ताईचं रक्त सोळा आणे जुळत होतं. असं जुळतं कुणाचं? जुळ्यांचं. त्याने ‘बहीण’ निवडलं. जन्मतारीख विचारली गेली तेव्हा पिशवी भरल्याची तारीख घातली. नोंद झालेल्या व्यक्तीला खाट लागते, म्हणून रिकामी होती ती चार नंबरची दिली. मग कागद ताईपुढे सरकवून तो म्हणाला, “बघा मॅडम, सगळं बरोबर आहे ना? बघून सही करा.”

ताईने बघितलं. आणि सही केली.

तिथून पुढे गाडी उताराला लागली. खाट आली म्हणून तक्ता आला. तक्ता आला म्हणून नर्स रोज तीनदा तळघरात उतरून टाकीवरचा आकडा टिपू लागली. आहारतज्ज्ञ आली आणि ‘तोंडाने काही देऊ नये’ हा शेरा महिनोन् महिने चालू आहे हे पाहून काळजीत पडली. व्यायाम शिकवणाऱ्याने लिहिलं, ‘सहकार्य करत नाही.’ मनोविकारवाल्यांनी लिहिलं, ‘अबोल, पण शांत.’ राऊंडला येणारे डॉक्टर खाटेपाशी थांबून विचारत, “ही कुठे गेली?” नर्स म्हणे, “खाली आहे.” मग ते मान हलवून पुढे जात. रुग्ण नेहमी कुठेतरी खाली असतातच, एक्स-रेला नाहीतर स्कॅनला.

आणि आई येऊ लागली. आईने एकतीस वर्षं बालवाडी चालवलेली. न आलेल्या मुलाचंही दप्तर जागेवर आहे का ते बघणारी बाई. पहिल्या आठवड्यात तिला हे सगळं वेडगळ वाटलं होतं. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, “कुणीच भेटायला येत नाही असं दिसलं तर नीट बघत नाहीत गं हे लोक.” तिसऱ्या आठवड्यापासून ती भेटीच्या वेळेला रोज चार ते सहा हजर.

“मला एक बहीण झेपत नव्हती,” ताईचा धाकटा भाऊ म्हणाला, “आता दोन. आणि दुसरी तर पहिलीपेक्षाही थंड.”

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लोक आत शिरून बटण न दाबता गप्पा मारत बसले की त्याचं डोकं उठायचं.

“हसण्यावारी नेऊ नकोस,” आई म्हणाली.

“मग काय रडू? तायडे, तू ठरव बुवा एकदाचं. वर जायचंय की खाली? मध्येच दार धरून उभं राहिलं की मोटार जळते.”

“आईची सही व्हायची आहे,” ताई म्हणाली.

हेही खरंच होतं. खाट क्रमांक चारची रुग्ण आता पाच महिन्यांची झाली होती, म्हणजे कायद्याच्या भाषेत अज्ञान. अज्ञान रुग्णाच्या शरीरातला कुठलाही भाग दुसऱ्याला द्यायचा तर पालकाची संमती लागते. इथे तर सबंध रुग्णच द्यायची होती. संमतीपत्र आईकडे गेलं, आणि आई ते पर्समध्ये घेऊन फिरत होती.

महिन्यातून एकदा ताईची फुंकण्याची चाचणी व्हायची. नळी तोंडात धरून दम असेल नसेल तेवढा सगळा बाहेर टाकायचा. पेशी काढल्या तेव्हा, निरोगी माणसाच्या शंभराला, तिचा आकडा एकाहत्तर होता. मग एकोणसत्तर, सहासष्ट, एकसष्ट, अठ्ठावन्न. पंचावन्नच्या खाली गेलेल्या माणसाला प्रयोगात घेत नाहीत, कारण त्या तापात फुफ्फुसं तग धरत नाहीत. या खेपेला यंत्राने छप्पन दाखवले.

डॉक्टरांनी कागद तिच्यापुढे धरला. “तुम्हीच सांगा. छप्पन म्हणजे किती?”

“छप्पन, कमी-जास्त दीड,” ताई म्हणाली.

“म्हणजे कदाचित आत्ताच पंचावन्नच्या खाली.”

“कदाचित.”

“पुढच्या महिन्यात ‘कदाचित’ उरणार नाही.” डॉक्टरांनी चष्मा काढला. “तो बहिणीचा घोळ मी पाच महिने बघतेय. चूक-दुरुस्तीचा अर्ज रुग्णानेच द्यायचा असतो, मी दिला तर घेत नाहीत. एक पानी आहे. दहा मिनिटांचं काम. तुम्ही दुसऱ्याच्या काट्यातला दशांश अंशाचा फरक पकडता. हा तुम्हाला दिसला नाही?”

“बघते,” ताई म्हणाली.

पण दिसण्याचा प्रश्नच नव्हता. सही करतानाच दिसला होता. वीस वर्षांच्या नोकरीत जाणूनबुजून चुकीच्या नोंदीवर केलेली ती तिची एकमेव सही. पेन टेकवताना तिला आतून हलकं हलकं वाटलं होतं, शाळेला अचानक सुट्टी मिळावी तसं. ही चूक दुरुस्त होईस्तोवर कुणी आपल्याला काही विचारणार नाही, एवढंच तिला तेव्हा कळलं होतं. सुट्टी लांबत गेली, आणि लांबवणाऱ्यांत आता एक अख्खं रुग्णालय सामील होतं.

त्या दिवशी संध्याकाळी ती चार नंबरपाशी गेली तेव्हा आई उशीचा अभ्रा बदलत होती.

“आई, सही कर ना आता.”

“नाही करणार.”

“का?”

आईने उशी दोन्ही बाजूंनी थोपटली. “मला खुळी समजू नकोस. तिथे कुणी झोपत नाही हे मला दिसतं. पण त्या पिशवीत आहे ते तुझंच ना?”

“माझंच.”

“आणि ते ठीक आहे. पाच महिन्यांत तो एक ठिपका सोडला तर काही वाकडं नाही. तुला गेल्या तीन वर्षांत मी एक दिवस तरी ठीक बघितलं का? रोज काहीतरी कमी. आज बटण लावता येत नाही, उद्या जिना चढवत नाही. तुझा एवढाच भाग माझ्याकडे धडधाकट राहिलाय. तोही तुझ्यात ओतायचा, आणि ते अकरातल्या त्या एकासारखं झालं तर...” तिने अभ्र्याची नाडी बांधली. एकदा सोडली, परत बांधली. “मग मी चार वाजता कुठे येऊन बसू गं?”

तीन नंबरच्या बाईंनी पहिल्यांदाच स्वतःहून मान पलीकडे वळवली.

ताईने काढलेला अभ्रा उचलला आणि आवळलेल्या बोटांनी त्याची घडी घालू लागली.

या कोंडीतून वाट काढली ती रुग्णालयानेच, आणि तीही आपल्या पद्धतीने. दीडशे दिवसांपेक्षा जास्त मुक्काम झालेल्या रुग्णांचा विचार करायला तिथे एक समिती होती. सोमवारी चार नंबरच्या रुग्णाला दीडशे दिवस भरले. मंगळवारी समितीने फाईल चाळली. बुधवारी पत्र आलं. ‘प्रकृतीत चढउतार नाही. वेदना नाहीत. शस्त्रक्रिया नियोजित नाही. सबब रुग्णास शुक्रवारी सकाळी अकरा वाजता घरी सोडण्यात यावे. येताना नातेवाइकांनी ऊबदार कपडे आणावेत.’

भावाने पत्र दोनदा वाचलं. “घरी म्हणजे? आपल्या घरी? फ्रिजमध्ये बर्फ धरत नाही नीट!”

“किती वेळ टिकेल बाहेर?” आईने विचारलं.

“पिशवी वितळली की तासाभरात वापरावी लागते,” ताई म्हणाली. “नाहीतर संपलं.”

“आणि परत काढता येतील?”

“छप्पनला नाही काढत.”

आई उठली आणि आत जाऊन बराच वेळ कपाटात काहीतरी उचकत राहिली.

शुक्रवारी पावणेअकराला सगळे समितीच्या खोलीत जमले. लांबट टेबल, एका कोपऱ्यात थंड पाण्याचं यंत्र, भिंतीवर पाच मिनिटं मागे असलेलं घड्याळ. अध्यक्ष निवृत्तीला आलेले हाडांचे डॉक्टर होते. त्यांच्या उजव्या हाताला चार नंबरची फाईल घेतलेला नोंदणी कारकून, डाव्या हाताला ताईच्या डॉक्टर. समोर आई, भाऊ आणि ताई. आईच्या मांडीवर एक लोकरी शाल होती.

“बसा, बसा,” अध्यक्ष म्हणाले. “घाबरू नका. घरी जायचं म्हणजे आनंदाचीच गोष्ट. हवापालट होईल. पोर नुसतं पडून राहिलंय इथे.”

“साहेब, ती पोर नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “त्या पेशी आहेत. खोलीच्या हवेत मरतील.”

“सगळ्याच आयांना असं वाटतं.”

“मी आई नाही, डॉक्टर आहे.”

“फाईलमध्ये ‘पेशी’ असा शब्द कुठे आहे?” अध्यक्षांनी कारकुनाकडे बघितलं.

कारकुनाने पानं उलटली. “नाही साहेब. बहीण आहे. वय पाच महिने. वजन अडुसष्ट ग्रॅम.”

“अडुसष्ट!” अध्यक्ष दचकले. “मग वजन का वाढलं नाही? आहाराचं कोण बघतंय?”

“तोंडाने काही देऊ नये असा शेरा आहे.”

“पाच महिने? हा तर निष्काळजीपणा झाला. घरीच बरी ती. घरचं खाणं मिळेल.”

भावाने कपाळावर हात मारला. “अहो साहेब, तुम्ही लिफ्टचं दार उघडताय, पण लिफ्ट आलेलीच नाही! पाय टाकला की खड्ड्यात!”

“लिफ्टचा विषय बांधकाम समितीकडे.” अध्यक्ष शांतपणे म्हणाले. “आई, तुम्ही सही करा. एक घरी नेण्याची. ती दुसरी संमतीची सही तुम्ही केलीच नाही, त्यामुळे देण्याघेण्याचा प्रश्न मिटला.”

आईने पेन हातात घेतलं. दोन्ही कागद तिच्यापुढे होते. घरी नेण्याचा आणि देऊन टाकण्याचा. तिने एकावर पेन नेलं, मग दुसऱ्यावर. एरवी ती अशी अडखळत नसे. एकतीस वर्षं तिने फळ्यावर रेघ आखली ती पट्टीशिवाय.

“मला नाही जमत,” ती म्हणाली. “दोघींपैकी एकीचंही माझ्याच्याने होत नाही. तुम्ही विचारताय कुणाला? हिला का नाही विचारत?”

“त्या नातेवाईक आहेत,” कारकून म्हणाला. “पालक नाहीत.”

थंड पाण्याच्या यंत्रात एक बुडबुडा वर आला. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. “अकरा वाजायला आले. नर्स खाली पिशवी काढायला गेली असेल.”

“नर्सला थांबवा,” ताई म्हणाली.

आवाज बारीक होता, पण टेबलाच्या त्या टोकापर्यंत पोचला. तिने टेबलाच्या कडेला तळवे टेकले आणि उठली. बोटं सरळ होत नव्हती, म्हणून मुठींवर भार दिला. अध्यक्षांनी हाताने ‘बसूनच बोला’ अशी खूण केली, ती तिने पाहिली नाही.

“ती नोंद चुकीची आहे. पहिल्या दिवसापासून.” तिने श्वास घेतला. “या काकांनी मला बघून सही करा म्हटलं होतं. मी बघितलं, मला चूक दिसली, आणि मी सही केली. यांचा काही दोष नाही.”

कारकुनाने फाईल छातीशी धरली.

“अगं,” आई म्हणाली.

“थांब आई. दम पुरेल तेवढ्यात बोलू दे.” ती पुन्हा थांबली. “मी सांगितलं असतं तर मला विचारलं असतं, घेणार का. आणि मला येत नव्हतं सांगता. अकरा जणांवरून काहीच सांगता येत नाही. अजूनही येत नाही. मी रोज वाट बघत होते, की कुणीतरी बारावा होईल, तेरावा होईल, तीस होतील, मग मी बघीन. कुणी आलं नाही. बारावी मीच होते, आणि माझीच जागा अडवून बसले होते.”

डॉक्टर पुढे झुकल्या. “म्हणजे?”

“म्हणजे मला बहीण नाही. त्या पेशी माझ्या आहेत. पालकाची सही लागत नाही, आईला विचारू नका.” तिने आईकडे पाहिलं. आईने शाल दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि ती ताईकडेच बघत होती, फक्त तिच्याकडे. “चार नंबरच्या खाटेवर कुणी नाही. सोमवारी मला तिथे दाखल करा. भीती वाटतेय, आणि तरीही सांगतेय. मी घेणार आहे.”